मी न वाचलेला अध्याय

९ जून, मंगळवार

प्रिय मुंगी,

सलाम. पहिला परिच्छेद तुझ्या आईचा आहे. ती समोर बसून सांगतेय आणि मी उतरवून घेतोय, कारण तिला आता अक्षर दिसत नाही.

“बाळ, मी बरी आहे. डोळ्यांचं काय ते बाबा लिहितील. पाच वर्षं झाली तुझा आवाज ऐकून. फोनवर मी तुला वाईट काही बोलले नव्हते, खरं तेच बोलले होते. तुझं भांडण आमच्याशी नाही, तू स्वतःच्या हाताने काढलेल्या वचनाशी आहे. देवाने तुला नवऱ्याकडे परत जा म्हटलं. तू गेलीस, आणि वर्षभरात ते वचन टाकून निघालीस. त्या वचनापुढे एकदा गुडघे टेक आणि घरी ये. थोडं दिसतंय तोवर तुझं तोंड बघेन म्हणते. तुझी आई.”

“वाचून दाखवा,” ती म्हणाली. दाखवलं. “‘गुडघे टेक’ लिहिलंत ना? गाळायचं नाही हं.” नाही गाळलं, वर आहे बघ. आता ती आत जाऊन पडली आहे. इथून पुढे मी.

तिशी ओलांडलेल्या बाईला मुंगी म्हणणं बरं नव्हे, पण दुसरं नाव हाताला येईना. पत्ता तुझ्या मावशीने दिला. सहज नाही दिला. “भाऊजी, तिला त्रास द्यायचा असेल तर मी मेले तरी देणार नाही,” म्हणाली. मी म्हटलं, त्रास देऊन झालाय, आता दुसरं काहीतरी द्यायचं आहे. काय, ते तिने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

आईला काचबिंदू आहे. उशिरा कळला. नळीतून बघावं तसं तिला समोरचं एवढंसं दिसतं, बाजूचं सगळं गेलं. गेलेलं परत येणार नाही, आहे ते औषधाने टिकवायचं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. टिकेल किती, ते त्यांनी सांगितलं नाही. आई घरात भिंतीला हात लावून फिरते आणि वाटेत स्टूल ठेवल्याबद्दल मला शिव्या घालते. स्टूल वीस वर्षं तिथेच आहे.

संध्याकाळचं वाचन चालू आहे. दोन्ही डबे फळीवर तिथेच आहेत. शास्त्रातले, म्हणजे अख्ख्या बायबलातले, अकराशे एकोणनव्वद अध्याय, तेवढ्याच चिठ्ठ्या, प्रत्येकीवर एका अध्यायाचं नाव, सगळ्या तुझ्या आईच्या अक्षरातल्या. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तिने त्या लिहिल्या तेव्हा मी तिला हसलो होतो. रोज जेवणानंतर एकाने काढायची, न उघडता वाचणाऱ्याच्या हातात द्यायची, वाचून झाली की दुसऱ्या डब्यात. ताटात पडेल ते खायचं आणि डब्यातून निघेल ते ऐकायचं, बदलून मागायचं नाही. आता काढते तीच आणि वाचतो मीच.

तुला एक गोष्ट लिहायची आहे. आज नको, पत्र पोस्टात टाकायची वेळ झाली आहे.

बाबा


२१ जून, रविवार

प्रिय मुंगी,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती, असं लिहिणार होतो. पण मग रोज दुपारी हातातला वजनकाटा उघडा टाकून मी पोस्टमनची वाट बघत दुकानाच्या दारात का उभा राहतो, ते सांगता येईना.

दुकान चाललंय. लोखंडी वजनं आणि पितळी पारडी आता शोभेला उरली, सगळे विजेचे काटे आणतात. काम सोपं झालंय. झाकण उघडायचं, आतली धूळ काढायची, पारखलेलं वजन ठेवायचं आणि आकडा बरोबर येईपर्यंत बसायचं. मागच्या महिन्यात एक मटणवाला आला. किलोला पन्नास ग्रॅम खाईल असा काटा करून द्या म्हणाला. मी त्याला हाकललं. तो बाहेर जाऊन लोकांना सांगत सुटला, की म्हातारा डोक्यावर पडलाय. ते फिरत फिरत पाळकसाहेबांच्या कानावर गेलं आणि आज त्यांनी भर उपासनेत ते उदाहरण म्हणून सांगितलं. शास्त्र नुसतं वाचायचं नसतं, आपल्या मंडळीच्या या पंचांसारखं दुकानात जगायचं असतं, म्हणाले. सगळी मंडळी वळून माझ्याकडे बघायला लागली. तुझ्या आईने माझा हात दाबला. मी माझ्या बुटांकडे बघत बसलो.

तुला आठवतं का, तुझं लग्न ठरवायला ती मंडळी आली होती त्या संध्याकाळी डब्यातून काय निघालं होतं? घराच्या भिंतीला बुरशी धरली तर याजकाने काय करावं, तो अध्याय. मी गंभीर तोंडाने वाचत होतो आणि तुझा होणारा सासरा आपल्या ओल आलेल्या भिंतीकडे बघत होता. तू तोंडात पदर कोंबून आत पळालीस. पण वाचलं की नाही सगळं? एक ओळ सोडली नाही. हा आपल्या घराचा नियम होता आणि त्याचा मला अभिमान होता.

म्हणून तर त्या संध्याकाळी, सहा वर्षांपूर्वी, तू बॅग घेऊन आलीस तेव्हाही दुसरं काही सुचलं नाही. तुझा गाल सुजला होता. पाणीसुद्धा प्यायली नाहीस आणि म्हणालीस, “बाबा, तो मारतो. मी परत जाणार नाही.” आई रडली. मग तीच म्हणाली, आपण ठरवणारे कोण, चिठ्ठी काढू. तू डोळे मिटून काढलीस, माझ्या हातात दिलीस. मी वाचलं, की बायकांनी आपल्या नवऱ्याच्या अधीन असावं. तू म्हणालीस, “बरं.” कुणी तुला ढकललं नाही. चिठ्ठी तूच काढली होतीस.

वरचं वाक्य लिहून मी पेन खाली ठेवलं आणि दुकानाला दोन चकरा मारल्या. खोडावं वाटतंय, पण राहू दे. इतकी वर्षं मी काय म्हणत आलोय, ते तुला कळायला हवं.

मावशीने मला तुझ्या कानाचं सांगितलं आहे. डाव्या कानाने आता काही ऐकू येत नाही, हे. परत गेल्यावर तिसऱ्या महिन्यात त्याने मारलं तेव्हाचं आहे ना ते? आईला हे माहीत नाही. मी सांगितलेलं नाही.

बाबा


८ जुलै, बुधवार

मुंगी,

आज सलाम वगैरे नको. लिहून टाकतो, नाहीतर पुन्हा भिंतीच्या बुरशीवर जाईन.

तू काढलेल्या चिठ्ठीवर ते नव्हतं.

तू दिलेली चिठ्ठी मी उघडली. आईचं अक्षर, शास्त्यांच्या पुस्तकातला एकोणिसावा अध्याय. तो मी आधी वाचलेला होता. उपासनेत तो कुणी वाचत नाही. एक बाई नवऱ्याला सोडून बापाच्या घरी येते. चार महिन्यांनी नवरा तिला न्यायला येतो. बाप त्याला बघून खूश होतो. बस, खा, पी, आजचा दिवस राहा, असं म्हणत पाच दिवस जावयाचा पाहुणचार करतो. पाच दिवसांत मुलीला कुणी एक शब्द विचारत नाही. मग नवरा तिला घेऊन निघतो. रात्री एका परक्या गावात गुंड घराला वेढा घालतात, तेव्हा तो आपला जीव वाचवायला तिला धरून दाराबाहेर काढतो. सकाळी दार उघडतो तर ती तिथे पडलेली असते, दोन्ही हात उंबऱ्यावर.

हे तू काढलं होतंस. बापाने परत पाठवलेली मुलगी. याहून सरळ मला कुणी काय सांगणार होतं?

मी ती चिठ्ठी मुठीत धरली आणि पानं उलटून मंडळ्यांना लिहिलेल्या पत्रांपैकी एक काढलं. कुठे आहे ते मला पाठ होतं. बायकांविषयीच्या तीन ओळी वाचल्या आणि पुस्तक मिटलं. पुढच्याच ओळीपासून नवऱ्यांना सांगितलंय, की बायकोवर स्वतःच्या देहासारखं प्रेम करा, तिच्यासाठी जीव द्या. तो भाग बायकांच्या भागाच्या तिप्पट आहे. तो मी वाचला नाही.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की तो अध्याय फार ओंगळ आहे, घाबरलेल्या लेकीपुढे कसा वाचायचा, म्हणून सोडला. दुकानात एकटा असताना हे मला पटायचंसुद्धा. पण तसं असतं तर मी एखादं स्तोत्र वाचलं असतं. देव माझा मेंढपाळ, एवढं तर कुणालाही वाचता येतं. मला तू परत जायला हवी होतीस. स्थळ मी आणलं होतं. तुझा सासरा मंडळीच्या पंचांत माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायचा. त्याच रविवारी मला ‘ख्रिस्ती कुटुंब’ यावर बोलायचं होतं, आणि पहिल्या बाकावर बॅग घेऊन आलेली माझी मुलगी बसली असती. एवढंच कारण. याच्याहून मोठं काही असतं तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी जावई तुला न्यायला आला. मी त्याला जेवायला वाढलं. आणखी घ्या, आणखी घ्या, असा आग्रह केला. तू ताटावर बसून होतीस आणि तुला मी काही विचारलं नाही. तुम्ही दोघं गेल्यावर दुकानात येऊन ती चिठ्ठी जाळली.

त्या गोष्टीतल्या बापाचं पुढे काय झालं, ते मी कितीदा शोधलं. मुलगी निघाली त्या सकाळनंतर त्याचा कुठे उल्लेख नाही. तिचं काय झालं ते त्याला कळलं की नाही, हेही लिहिलेलं नाही. मला कळलं. वर्षभराने तू दवाखान्यातून फोन केलास, “आई, मी त्याला सोडलं, घरी येऊ का?” आणि ती म्हणाली, “आधी त्या वचनाशी समेट कर, मग ये.” मी शेजारी उभा होतो. नुसतं एक वाक्य बोलायचं होतं. तुझी आई कठोर नाही, मुंगी. माझ्या तोंडून जे ऐकलं तेच देव बोलला, असं ती धरून बसली.

माफी मागायला हवी. पण मागितली की तुझ्यावर द्यायची सक्ती होईल. म्हणून मागत नाही.

बाबा


२६ जुलै, रविवार

प्रिय मुंगी,

तुझं पत्र गुरुवारी आलं. तीन ओळी आहेत, पाठ झाल्या. “बाबा, वाचलं. मला सांगून तुमचं ओझं हलकं झालं असेल, माझं नाही. आईला सांगा, पत्राने नाही, तोंडाने.”

मी सांगितलं नाही. उलट जे केलं ते ऐक.

पोस्टमनने नेमकं घरी आणून दिलं. आईने दारातच हातात घेतलं. पाकिटावरून बोटं फिरवली आणि म्हणाली, “तिचंच ना? दाबून लिहिते ती. वाचा.” मी फोडलं. ती पलंगाच्या कडेला बसली, पदर नीट केला, पाहुणे यायचे असल्यासारखा. आणि मी तिच्यासमोर कागद धरून वाचलं, “आई, मी बरी आहे. काम ठीक चाललंय. डोळे जप. वेळ मिळाला की लिहीन.” 

ती इतकी खूश झाली. “गुडघ्यांचं काही लिहिलंय?” मी म्हटलं, नाही. “लिहील. पहिल्याच पत्रात कसं लिहील?” असं म्हणून ती गाणं गुणगुणत चहा करायला गेली. साखर सांडली तरी मला दोष दिला नाही.

संध्याकाळी म्हणाली, पुन्हा वाचा. मी पुन्हा कागद धरला. दुपारी नेमकं काय बोललो ते आठवेना. म्हटलं, “आई, मी मजेत आहे, तब्येतीला जप.” ती थांबली. “दुपारी ‘डोळे जप’ होतं.” मी म्हटलं, चष्मा बदलायला झालाय माझा. “हं,” ती म्हणाली. नंतर जेवताना एकदम विचारलं, “पत्र किती मोठं आहे?” मी म्हटलं, अर्धं पान. तिने ते मागून घेतलं. तुझं पत्र तिच्या उशीखाली आहे.

पुन्हा तेच बघ. हातात खरा कागद, समोर विश्वासाने बसलेलं माणूस आणि माझ्या तोंडात तिसरंच. सहा वर्षांत मी काही शिकलो नाही.

सांगायचं म्हणतो, पण रोज कारण मिळतं. परवा तिचा रक्तदाब वाढला होता, काल डोळ्यांची तपासणी होती. आज रविवार, आणि रविवारी ती प्रसन्न असते. खरं कारण एकच आहे. पस्तीस वर्षं ती माझ्या आवाजाने शास्त्र ऐकतेय. तिच्याकडे दुसरा आवाज नाही आणि माझ्याकडे दुसरं माणूस नाही. सांगितलं तर ती माझ्यापाशी राहणार नाही. तुला हे वाचून काय वाटेल ते कळतंय मला. तुलाही त्या संध्याकाळी दुसरं कुणी नव्हतं.

बाबा


१९ ऑगस्ट, बुधवार

प्रिय मुंगी,

सांगितलं. शुक्रवारी, जेवण झाल्यावर.

तिने डब्यात हात घालून चिठ्ठी काढली आणि माझ्यापुढे धरली. मी घेतली नाही. म्हटलं, आज आधी मला बोलायचं आहे. “बोला की,” ती म्हणाली, “पत्रात काय होतं तेच ना?” मी म्हटलं, तेही. मग सगळं सांगितलं, पहिल्यापासून, तुला लिहिलं तसं. तुझा कानही सांगितला. ती मध्ये एकदाच बोलली.

“चिठ्ठी कुठे आहे?”

“जाळली.”

“माझ्या अक्षरातली?”

“हो.”

नंतर इतका वेळ गेला की समोरच्या घरात लोकांची जेवणं होऊन भांडीसुद्धा घासून झाली. मला वाटलं ती रडेल, मला मारेल, निदान देवाचं नाव घेईल. ती म्हणाली, “तुम्हाला माहीत नाही मी काय केलंय ते.”

मग तिने जे सांगितलं ते तसंच लिहितो. “तिचा तो फोन आला ना, त्या दिवसापासून मी प्रार्थना केलेली नाही. तुमच्याशेजारी बसते, ओठ हलवते, आमेन म्हणते. आत काही नाही. मी देवाला म्हटलं, तू माझ्या पोरीला मार खायला परत पाठवलंस, तुझं म्हणणं मी मोडणार नाही, तिलाही मोडू देणार नाही, पण तुझ्याशी बोलणार नाही. पाच वर्षं मी त्याच्याशी बोलले नाही. डोळे जायला लागले तरी मागितलं नाही काही. म्हटलं, तुझ्याकडून काय मागायचं? आणि त्याने काही केलंच नव्हतं हो. त्याने तर तिच्या हातात बरोबर चिठ्ठी दिली होती.”

मुंगी, रोज रात्री मी तिच्या शेजारी बसून वाचत होतो. मला पत्ता लागला नाही. मला वाटायचं, हिचा विश्वास केवढा दगडासारखा आहे.

मी म्हटलं, माझं चुकलं. ती म्हणाली, “चुकलं कशाला म्हणता? चुकून होतं त्याला चुकलं म्हणतात.” मग म्हणाली, “वाचा आता. तो अध्याय वाचा.”

वाचला. दोनदा पुस्तक मिटायला गेलो, तिने थांबू दिलं नाही. उंबऱ्यावरचे हात आले तेव्हा तिने स्वतःचे हात मांडीवरून उचलले आणि कुठे ठेवावेत ते तिला कळेना. संपल्यावर म्हणाली, “आणि ते दुसरं, नवऱ्यांचं. तेही.” तेही वाचलं, पूर्ण. ती म्हणाली, “इतकं होतं?” मी म्हटलं, इतकं होतं.

तुझ्या तीन ओळीही वाचून दाखवल्या. त्या मात्र तिने पुन्हा वाचायला लावल्या नाहीत.

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. जेवण वाढते, औषधाला डोळा वर करते, स्टुलाला अडखळली तरी शिवी घालत नाही. काल दुपारी मी दुकानातून लवकर आलो तर ती देवाशी बोलत होती, मोठ्याने, आतल्या खोलीत. काय बोलत होती ते ऐकायला मी थांबलो नाही. माझ्यापासून लपवायचं असं तिचं आता तेवढंच आहे.

आज तिने मावशीला फोन केला. नंबर बोटांनीच लागतो तिला. तुला कळलं असेलच.

बाबा


२४ ऑगस्ट, सोमवार, सकाळ

मुंगी,

ही चिठ्ठी पोस्टाने येत नाही. आईच्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात आहे. गाडी आठची, तुझ्याकडे तीन वाजता पोचते. मावशी म्हणाली, तुला वेळ कळवली आहे आणि तू फक्त “बघते” म्हणालीस. मावशीचा गुडघा सुजलाय, तिला सोबत येता येत नाही. कंडक्टरला आई कुठे उतरणार ते सांगतो.

आधी औषधं. पिवळ्या झाकणाची सकाळी आणि संध्याकाळी, एकेक थेंब. निळ्या झाकणाची रात्री एकदाच. दोन्हींत दहा मिनिटं जाऊ दे. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून धर, ती स्वतः धरत नाही, कंटाळा करते. रक्तदाबाची गोळी नाश्त्यानंतर. अंधारात तिला काहीच दिसत नाही, पण दिवा लाव असं ती सांगणार नाही. नव्या खोलीत पहिल्या दिवशी तिचा हात धरून भिंती दाखव, मग ती तिची ती फिरेल. बोलताना तिला तुझ्या उजव्या बाजूला बसव. तुझा कुठला कान गेलाय ते मी तिला सांगितलं आहे, पण बाजू तिच्या लक्षात राहत नाहीत.

मी सोबत येतो म्हटलं. “तुम्ही नको,” ती म्हणाली. नऊ दिवसांत माझ्याशी बोललेले पहिले शब्द. तरी मी मनात ठरवलं होतं, की गाडीत मागच्या बाकावर बसायचं. ती पुढे बसेल, तिला दिसणार नाही, उतरली की नाही एवढं बघून परत फिरायचं. तिकिटाचे पैसे खिशात घातले होते. मग लक्षात आलं, की तिला दिसत नाही याच्यावर मी आणखी एकदा माझं काम काढून घेणार होतो. पैसे फळीवर ठेवले. मी येत नाही.

एवढं लिहिल्यावर तिने विचारलं, “औषधांचंच लिहिताय ना?” मी म्हटलं, नाही, माझंही आहे. “वाचा,” ती म्हणाली. वरपासून इथपर्यंत सगळं वाचलं, मागच्या बाकासकट. ती ऐकत होती. “कंटाळा करते” याच्यावर म्हणाली, “करते.” आता पुढे लिहितोय तेही मोठ्याने म्हणत लिहितोय.

पंचाचं काम मी काल सोडलं. उपासनेनंतर उभा राहून का ते सांगितलं. तुझा सासरा उठून गेला. एका बाईने मला पाणी आणून दिलं.

तू हे वाचत असशील, तर तू तिला घ्यायला आली होतीस. मला ते कळणार नाही. पोचल्याचं कळवणार नाही असं तिने सांगितलंय, आणि तूही कळवू नकोस, तिचा शब्द राहू दे.

हे ऐकून ती हसल्यासारखी झाली. मला वाटतं हसलीच. मी पेन थांबवून विचारलं, “आणि ती आली नाही तर?”

“तर मी थांब्यावर बसून राहीन,” ती म्हणाली. “कंडक्टरला सांगा, मला परत आणायचं नाही.”

सांगेन. साडेसात झाले, बॅग उचलतो.

बाबा